देव एक, घोळ अनेक : काल्पनिक गेममध्ये एकेश्वरवाद कसा उभा करतात

‘स्कायरिम’ या २०११ च्या गेममध्ये टालोसच्या पूजेला बंदी आहे. टालोस मूळचा माणूस, पुढे सम्राट, आणि नंतर देव झाला अशी तिथल्या नॉर्ड लोकांची श्रद्धा. युद्धात मार खाल्लेल्या साम्राज्याला एल्फांशी, म्हणजे माणसांहून वेगळ्या वंशाच्या लोकांशी, तह करावा लागला आणि त्या तहात एक कलम घुसलं : टालोसची पूजा बंद. माणूस देव होऊच शकत नाही, असं एल्फांचं म्हणणं. सॉलिट्यूड शहरातल्या मोठ्या मंदिरात आठ देव्हारे आहेत आणि नववा कोनाडा रिकामा. व्हाइटरनच्या चौकात मात्र एक पुजारी टालोसच्या पुतळ्यासमोर उभा राहून दिवसभर ओरडत असतो. वाद छान रंगवलाय, दोन्ही बाजूंना मुद्दे आहेत.

मग खेळाडू देव्हाऱ्याजवळ जातो आणि बटण दाबतो. टालोसचा आशीर्वाद मिळतो आणि खेळाडूच्या मंत्रगर्जनांमधला थांबण्याचा वेळ २० टक्क्यांनी कमी होतो. बाकीच्या आठ देवांचेही असेच आशीर्वाद आहेत. म्हणजे ज्या प्रश्नावरून सगळा देश पेटलाय, त्याचं उत्तर कोडमधल्या एका ओळीने कधीच देऊन टाकलंय. पात्रं भांडत राहतात, खेळाडूपुरता वाद संपतो.

काल्पनिक जगांच्या गेमांमध्ये डझनभर देव गुण्यागोविंदाने का नांदतात, आणि एकच देव मानणारा पंथ आला की तो हमखास मशाली घेतलेल्या क्रूर लोकांचाच का निघतो, असं पुष्कळांना वाटतं. लेखकांची आवड हे एक कारण आहेच. पण मोठं कारण सिम्युलेशनमध्ये आहे. सिम्युलेशन म्हणजे गोष्ट लिहून न देता नियम आणि आकडे द्यायचे आणि जग संगणकाला चालवू द्यायचं. अशा चालत्या जगात बहुदेववाद जवळजवळ फुकट मिळतो. एकेश्वरवाद नीट बसवायला मेहनत लागते.

देव मोजून काही कळत नाही

नवखा डेव्हलपर, म्हणजे गेम बनवणारा, काय करतो? देवांचा तक्ता उघडतो, बारा ओळी असतील तिथे एकच ठेवतो आणि म्हणतो, झाला एकेश्वरवाद. झालेलं काहीच नसतं. एकच देव असलेलं गाव आणि ‘एकच देव आहे’ असं म्हणणारं गाव या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गावात दुसरा देव अजून पोचलेला नाही, एवढंच.

बँकेत माणसाची चार खाती असू शकतात. पाचवं उघडलं म्हणून आधीची बंद होत नाहीत. रेशनकार्डाचं तसं नाही. नाव एका कार्डावर चढवायचं तर दुसऱ्यावरून कमी करावं लागतं. बहुदेववादी पूजा बँकखात्यासारखी असते, एकेश्वरवाद रेशनकार्डासारखा. फरक देवांच्या संख्येत नाही, नाव कमी करण्याच्या अटीत आहे. म्हणून कोडमध्ये तो देवांच्या तक्त्यात ठेवून चालत नाही. माणूस आणि परंपरा यांच्या नात्यात ठेवावा लागतो.

ही अट हो-नाहीची केली तरी फसते. निदान चार पायऱ्या हव्यात. शून्य : कुणालाही हात जोडा. एक : माझा देव मुख्य, इतरांना नमस्कार चालतो. संस्कृतचा अभ्यासक मॅक्स म्युलर याला वेदांतल्या सूक्तांमध्ये काहीसं असंच दिसलं. ज्या देवाची स्तुती चालू, तो त्या वेळी सर्वश्रेष्ठ. त्यासाठी त्याने हेनोथिइझम हा शब्द रुळवला. दोन : इतर देव असतील, पण त्यांची पूजा करायची नाही. तीन : इतर देव नाहीतच.

मराठी वाचकाला पहिली आणि दुसरी पायरी समजायला लांब जावं लागत नाही. पंढरीची वारी न चुकवणाऱ्या घरात चंपाषष्ठीला खंडोबाची तळीही भरली जाते. ही पायरी एक. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचा महानुभाव पंथ जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ मानतो. देवता आहेत, त्या आपापल्या मर्यादेत फळही देतात. पण मोक्ष फक्त परमेश्वर देतो, म्हणून देवतांची उपासना नको. ही पायरी दोन, आणि तीही किती रेखीव! बहुतेक गेम या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. शून्यावरून थेट तीनवर उडी मारतात.

पायरी बदलली की पात्राचं बोलणं बदलायला हवं. नदीच्या देवळाकडे बोट दाखवून विचारलं, तर पायरी दोनवरचा नावाडी म्हणेल, “असेल तिथे कुणी. आपण नाही जात.” पायरी तीनवरचा म्हणेल, “तिथे? धोंडा आहे धोंडा.” दोघांनाही ‘श्रद्धाळू’ असा एकच शिक्का मारला तर हे संवाद लिहिताच येत नाहीत.

एका बाईच्या नोंदीत काय काय असतं

बहुतेक गेमांत पात्राच्या नोंदीत ‘धर्म’ नावाचा एक रकाना असतो आणि त्यात एक शब्द. तिथेच चूक सुरू होते.

गोव्यात शिरगावची लईराई आणि म्हापशाची मिलाग्रिस सायबीण या बहिणी मानल्या जातात. एक देवळात, एक चर्चमध्ये. म्हापशाच्या फेस्ताला हिंदू भाविक तेल घेऊन येतात. त्यांच्या नोंदीत एका शब्दाचा रकाना असेल तर तो त्यातल्या बहुतेकांबद्दल काहीच सांगणार नाही. ते धर्म बदलत नाहीत, बहिणीच्या घरी जातात.

म्हणून प्रत्येक पात्राच्या नोंदीत प्रत्येक परंपरेसाठी तीन आकडे ठेवायचे, शून्य ते शंभर. श्रद्धा : मनातून किती खरं वाटतं. आचार : प्रत्यक्ष किती पाळतो. ओळख : लोक त्याला कुणातला समजतात आणि तो स्वतःला कुणातला म्हणवतो.

समजा आपल्या गेममध्ये नदीकाठचं एक बंदर आहे आणि तिथे मीठ विकणारी वेणा नावाची बाई. नदीदेवीच्या खात्यात तिची श्रद्धा ३५, आचार ८०, ओळख ९०. डोंगरापलीकडून आलेल्या एकदेव पंथाच्या खात्यात श्रद्धा ६०, आचार १०, ओळख ०. आता ही बाई दिसायला लागते. मनाने ती नव्या पंथाकडे झुकलीय. पण गिऱ्हाईक नदीच्या घाटावर, सासू घाटावर, लेकीचं लग्न तिथल्याच पुरोहिताने लावायचंय. म्हणून संध्याकाळी दिवा सोडायला ती जातेच.

हे आकडे जड पडतील अशी भीती वाटते, ती फुकाची आहे. १०,००० पात्रं, १२ परंपरा, प्रत्येकी ३ आकडे आणि आकड्याला एक बाइट धरला तर ३,६०,००० बाइट होतात. साध्या फोटोएवढी जागा. शिवाय बहुतेक खाती शून्य असतात, ती साठवायचीच नाहीत. हिशोब गेममधल्या महिन्यातून एकदा करायचा. दर क्षणाला केलात तर गेम अडखळेल आणि मिळणार काहीच नाही. माणसांचा धर्म काही दर क्षणाला बदलत नाही.

नियमही साधे. आचार श्रद्धेला ओढतो : दर महिन्याला दोन्हींतल्या फरकाचा पन्नासावा भाग. वेणाची नव्या पंथावरची श्रद्धा ६० आणि आचार १०, म्हणजे पुढच्या महिन्यात श्रद्धा ५९. जायला जमत नाही तो पंथ मनातूनही हळूहळू पुसट होतो. ओळख मात्र एरवी हलवायची नाही. जन्म, लग्न, मृत्यू आणि स्थलांतर या चार वेळांनाच; अपवाद सत्तेच्या सक्तीचा, तो पुढे येईल. उघड धर्मांतराला दोन अटी : श्रद्धा ७० च्या वर, आणि जवळच्या पाच माणसांपैकी दोघं आधीच तिकडे. दुसरी अट हवेतून आलेली नाही. १९६० च्या दशकात जॉन लॉफलंड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेत एका नव्या पंथाचा जवळून अभ्यास केला. शिकवण पटली म्हणून आलेल्यांपेक्षा पंथातल्या माणसांशी जिव्हाळा जडला म्हणून आलेले त्यांना जास्त दिसले.

वेशीवरचा धूप

तीन आकडे ठेवल्याचा खरा फायदा राज्यसत्ता मधे पडते तेव्हा दिसतो.

इसवी सन २५० मध्ये रोमन सम्राट डेशियसने हुकूम काढला : प्रजेने देवांना नैवेद्य दाखवावा आणि अधिकाऱ्यांकडून तसा दाखला घ्यावा. असे चाळीसच्या वर दाखले इजिप्तमध्ये पपायरसवर सापडले आहेत. मजकूर सरकारी छापाचा : मी नेहमीच देवांना अर्पण करत आलो, आताही आपल्यासमोर केलं, प्रसाद चाखला, सही करावी. बहुदेववादी माणसाला यात अडचण काय? रोज पाच देवांना वाहतोस, आज सहाव्याला वाहा. ख्रिस्ती माणसाला हीच चिमूटभर धुपाची गोष्ट म्हणजे नाव कमी करणं.

गेममध्ये हा प्रसंग सोन्यासारखा आहे. वेशीवर धुपाटणं ठेवा, शेजारी कारकून बसवा. प्रत्येक पात्राला चार वाटा : धूप टाकणे, नाकारणे, लपून राहणे, पैसे देऊन खोटा दाखला घेणे. चौथी वाट इतिहासातलीच आहे. त्या काळी अनेक ख्रिस्ती लोकांनी दाखले विकत घेतले होते. किंमत पात्राच्या पायरीवरून ठरते. शून्य आणि एकवर असलेल्यांना काहीच पडत नाही. दोनवर असलेल्याचा त्याच्या पंथातला आचार २० ने उतरतो, तीनवर असलेल्याचा ४० ने, आणि पंथातली माणसं पाहत असतील तर ओळखही खाली येते. वेणा तर सहज धूप टाकेल. तिची ओळख तिकडे शून्यच आहे. तिच्या शेजारच्या, एकदेव पंथातल्या दोरखंडवाल्याचं मात्र दुकान बंद पडेल.

खरी गंमत नंतर. छळ थांबला तेव्हा कार्थेज आणि रोममधल्या चर्चपुढे प्रश्न उभा राहिला : धूप टाकलेल्यांना, दाखले घेतलेल्यांना परत घ्यायचं का? कार्थेजचा बिशप सिप्रियन म्हणत होता, प्रायश्चित्त घ्यावं आणि यावं. रोममधला नोव्हेशियन म्हणाला, नाही. तो वेगळा झाला आणि त्याचा पंथ पुढे बराच काळ टिकला. सम्राटाचा एक हुकूम, आणि त्यातून एकाच देवाचे दोन पंथ. हे लेखकाने लिहावं लागत नाही. नियम नीट असतील तर आपोआप घडतं.

नकाशा एकाच रंगाचा का होतो?

धर्म पसरण्याचा नियम लिहिला की दोनशे वर्षांनी सगळा नकाशा एकाच रंगाचा झालेला दिसतो. जवळपास प्रत्येक डेव्हलपरला हा अनुभव येतो.

‘सिव्हिलायझेशन’ या संस्कृती उभारण्याच्या गेममालिकेत धर्माचा प्रवास बघण्यासारखा आहे. २००५ च्या चौथ्या भागात सात खरे धर्म होते आणि सातांचे परिणाम मुद्दाम सारखे ठेवले होते, कुणाला झुकतं माप नको म्हणून. पण ‘एकेश्वरवाद’ हा शोध लावायचा तर आधी ‘बहुदेववाद’ लावावा लागे. म्हणजे एकेश्वरवाद ही बहुदेववादाची पुढची इयत्ता, ही एकोणिसाव्या शतकातली समजूत शोधांच्या झाडात गुपचूप बसली होती. सहाव्या भागात शहराचा धर्म नकाशावरच्या १० षटकोनी चौकटींपर्यंतच्या शहरांवर दर पाळीला ‘दाब’ टाकतो. जिथे शहरं जास्त, तिथून दाब जास्त; दाब जास्त म्हणून शहरं आणखी जास्त. भरल्या बाजारात गर्दी आणखी वाढावी तसं.

स्टार्कने सुरुवातीच्या ख्रिस्ती समाजाचं एक गणित मांडलं होतं. इसवी सन ४० मध्ये १,००० माणसं धरा आणि दर दशकाला ४० टक्के वाढ. सन २०० मध्ये सुमारे २ लाख १८ हजार, ३०० मध्ये सुमारे ६३ लाख, ३५० मध्ये ३ कोटी ३९ लाख. सामूहिक धर्मांतर नको, चमत्कार नको. वर्षाला साडेतीन टक्क्यांहूनही कमी वाढ पुरते. हाच दर आपल्या १,००० वस्तीच्या बंदराला लावला, तर १० माणसांचा पंथ १०० वर्षांत २८९ वर जातो आणि १४० वर्षं व्हायच्या आत बंदरात दुसरं कुणी उरत नाही.

यात रेशनकार्डाची अट भर घालते. नदीदेवीच्या भक्ताला नवा देव जोडायला काही पडत नाही, पण एकदेव पंथात गेलेल्याला परत घाटावर यायला किंमत पडते. दार एकाच बाजूने उघडतं. वर्षाला इकडचे २ टक्के तिकडे जातात आणि तिकडचे अर्धा टक्का परत येतात असं धरलं, तर आकडे ८० टक्क्यांवर जाऊन थांबतात.

उपाय म्हणजे बाहेर पडण्याचा दर पंथाच्या आकाराबरोबर वाढवायचा. पंथ छोटा असतो तेव्हा सगळे एकमेकांना ओळखतात आणि शुक्रवारी कोण आलं नाही ते कळतं. अख्खं गाव त्यात आलं की अर्धे लोक नावापुरते राहतात. परत येण्याचा दर ‘अर्धा टक्का, अधिक पंथाच्या हिश्श्याच्या प्रमाणात २ टक्क्यांपर्यंत’ असा ठेवला, तर तोल ५५ टक्क्यांच्या आसपास सापडतो. नकाशावर दोन रंग राहतात.

‘क्रुसेडर किंग्ज ३’ हा २०२० चा गेम काल्पनिक जगाचा नाही, मध्ययुगाचा आहे; पण हे तंत्र त्यातून शिकावं. तिथे प्रत्येक पंथाला उत्साहाचा आकडा असतो, शून्य ते शंभर टक्के. धर्मगुरूंची पापं चव्हाट्यावर आली की तो घसरतो, आणि खाली गेला की पाखंडी पंथ उगवतात. मोठ्या पंथात धर्मगुरू जास्त, म्हणून भानगडीही जास्त. वाढीला तिथेच वेसण बसते.

फूट कशावरून पडते

दर पन्नास वर्षांनी फासा टाकून पंथ फोडायचा, असं बरेच जण करतात. फूट पडते, पण कशावरून हे पात्रांना विचारलं तर त्यांना सांगता येत नाही.

त्यापेक्षा प्रत्येक पंथाला तीन-चार उघडे प्रश्न द्या. प्रेषिताच्या मागे अधिकार कुणाचा? तो माणूस होता की अधिक काही? सण कुठल्या तिथीला? धूप टाकलेल्यांचं काय? प्रत्येक शहराचं प्रत्येक प्रश्नावर मत, उणे १०० ते अधिक १००. व्यापार आणि प्रवासाने मतं जवळ येतात. डोंगरातला घाट बंद झाला, युद्ध लागलं की दूर जातात. दोन शहरांतलं अंतर ६० च्या वर गेलं आणि तिथे महत्त्वाकांक्षी धर्मगुरू असेल, तर फूट. इसवी सन ३२५ ला ख्रिस्ती धर्मगुरूंच्या निकायाच्या परिषदेत ‘पुत्र आणि पिता एकाच तत्त्वाचे का’ या प्रश्नावर, एका ग्रीक शब्दाभोवती, भांडण झालं. अशी भांडणं एकेश्वरवादात जास्त तीव्र होतात, कारण दोन्ही उत्तरं एकाच वेळी खरी मानण्याची सोय तिथे नसते. बहुदेववादात मतभेद झाला की आणखी एक देऊळ बांधून मोकळे.

‘ड्रॅगन एज’ मालिकेने, २००९ पासून, हे लिखित गोष्टीत उत्तम साधलंय. तिथला चॅन्ट्री पंथ ‘मेकर’ हा एकच देव मानतो. जादूने माणसाची सेवा करावी, त्याच्यावर राज्य करू नये, अशा अर्थाचं एक वचन आहे. दक्षिणेत त्याचा अर्थ जादूगारांना कोंडून ठेवा असा होतो. उत्तरेच्या टेव्हिंटरमध्ये जादूगारच सत्ताधारी, म्हणून तिथे अर्थ वेगळा आणि चॅन्ट्रीही वेगळी. वाक्य तेच.

६० हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. ३० केलात तर दोनशे वर्षांत ९० पंथ होतील, प्रत्येकी अकरा माणसांचे. त्यासाठी किमान संख्या हवी. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये, टार्न आणि झॅक अॅडम्स या भावांच्या २००६ पासून चालत आलेल्या गेममध्ये, मूळ सेटिंग असं आहे : एका पंथाचे १० अनुयायी झाले की ते मंदिर मागतात, २५ झाले की मोठं संकुल. मंदिराच्या बांधणीचं मोल निदान २,००० असावं लागतं, संकुलाचं १०,०००. शिवाय कुठल्याच देवाला न वाहिलेलं मंदिर बांधायची सोय आहे, ते सगळ्यांना चालतं. छोट्या वस्तीत बरेच खेळाडू तेच बांधतात.

चमत्कार चालतो, मग तो देव खोटा कसा?

हा आक्षेप रास्त आहे. ज्या जगात नदीदेवीचा पुरोहित हात ठेवून तुटलेलं हाड सांधतो, तिथे ‘नदीदेवी नाहीच’ असं म्हणणारा वेडा ठरतो. ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’मध्ये देवळातली मूर्ती पाडली तर देवाच्या शापाने माणूस रक्तपिपासू होऊ शकतो. तिथे नास्तिक असण्यात काही अर्थ नाही, पायरी तीनवर असण्यातही नाही.

यातून सुटण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली म्हणजे चमत्काराचा देवाशी असलेला धागा तोडायचा. ‘ड्रॅगन एज’मध्ये जखमा जादूगार भरतात, धर्मगुरू नाही. मेकर गप्प आहे. तो आहे की नाही याचं उत्तर गेम देत नाही, म्हणूनच तिथली श्रद्धा ही श्रद्धा वाटते. दुसरी वाट म्हणजे चमत्कार सगळ्यांचे चालू द्यायचे आणि स्पष्टीकरणं वेगळी ठेवायची. एकदेव पंथाचा माणूस हाड सांधलेलं बघून म्हणेल, शक्ती त्या एकाचीच, हे लोक नाव चुकीचं घेतात. दुसरा म्हणेल, सैतानाचं काम. तिसरा, औषध होतं हो, मंत्र नाही. आणि दोन पिढ्यांनी कुणीतरी म्हणेल, ती नदीची बाई देवी नव्हती, त्या एका देवाची थोर भक्तीण होती; तिच्या दर्ग्यावर चादर घालायला हरकत नाही. एकेश्वरवादाच्या आत संत, देवदूत, पीर अशी दुसरी फळी उभी राहते ती अशीच. वेणाची नात कदाचित याच वाटेने आजीचा दिवा आणि नवा पंथ दोन्ही सांभाळेल.

दोन्ही वाटांवर एक पथ्य कडक पाळावं लागतं : इंटरफेसने बाजू घ्यायची नाही. ‘नदीदेवीचा आशीर्वाद : अधिक १०’ असं पडद्यावर लिहिलंत की खेळ संपला. ‘मन शांत झालं, आज झोप चांगली लागेल’ असं लिहिलंत तर फायदा तोच मिळतो आणि देव कोण हे उघडं राहतं.

“एकच देव मानणारे असहिष्णूच दाखवणार ना?”

नाही, निदान तशी सक्ती नाही. गेमांमध्ये हे होतं कारण तीन वेगळ्या गोष्टी एकाच स्लायडरवर, म्हणजे कमी-जास्त करायच्या एकाच पट्टीवर, चढवलेल्या असतात. नाव कमी करण्याची अट किती कडक, इतरांना आपल्यात आणण्याची ओढ किती, आणि जबरदस्तीची तयारी किती. तिन्ही सुट्या करा.

ज्यू परंपरेत पहिली कडक, दुसरी बहुतेक काळ फारच कमी. शीख धर्मात देव एकच, लंगर सगळ्यांना. आपल्या नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात मानाने आहेत. १८६७ ला मुंबईत निघालेल्या प्रार्थना समाजाने एकच ईश्वर मानला, पण सभासदांना घरचे विधी सोडायची सक्ती केली नाही. श्रद्धा एका खात्यात, आचार पुष्कळसा दुसऱ्यात. उलट डेशियसचं रोम बहुदेववादी होतं आणि जबरदस्तीचा स्लायडर वरच्या टोकाला होता. तिसऱ्या स्लायडरचा संबंध देवांशी कमी आणि तिजोरी, फौज, घाबरलेला राजा यांच्याशी जास्त असतो. म्हणून तो पंथाच्या नोंदीत न ठेवता राज्याच्या नोंदीत ठेवावा.

खऱ्या धर्मांची नावं घ्यावीत का

घेता येतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. त्यात दुर्गा आणि विष्णू गोष्ट सांगतात, राजी या मुलीच्या धडपडीवर टिप्पणी करतात. पण तो लिहिलेल्या गोष्टीचा गेम आहे. सिम्युलेशनमध्ये देवाला आकडे लागतात आणि खऱ्या धर्माला आकडे लावले की कुणाचा ७० आणि कुणाचा ५० का, याला उत्तर नसतं. २०१२ मध्ये ‘स्माइट’ या लढाईच्या गेममधल्या कालीच्या चित्रणावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला होता. पुजली जाणारी देवी खेळाडूच्या हातातलं प्यादं झाली, हा त्यातला मुद्दा. काल्पनिक पंथ करा, पण खऱ्या धर्मावर नुसतं नवं नाव चिकटवू नका. वाळवंट, पगडी आणि तलवार दिसली की वाचणारा कुणाचं नाव काय समजायचं ते समजतोच.

“एवढं करून खेळाडूला दिसणार काय?”

आकडे दिसू नयेत, परिणाम दिसावेत. आठवड्यातून एक दिवस दोरखंडवाल्याचं दुकान बंद. घाटावरच्या उत्सवात मिठाचा भाव चढतो, पण एकदेव मोहल्ल्यात तोच. न्यायालयात शपथ कुणाच्या नावाने, यावर खोळंबलेला खटला. प्रेत पुरायचं की नदीत सोडायचं यावरून दोन भाऊ दारात उभे. दफनभूमी कुठे आणि घाटाच्या वरच्या अंगाला की खालच्या, एवढं नकाशावर ठरवलंत तरी अर्धी भांडणं आपोआप तयार होतात.

गेम लोकांपुढे ठेवण्याआधी खेळाडूविना २०० वर्षं चालवून बघायचा, निदान २० वेळा, आणि प्रत्येक वेळी यादी काढायची. काही चुका ठरलेल्या असतात. मेलेली माणसं अनुयायांत मोजली जात राहतात आणि ओसाड गाव मंदिर मागतं. दोन पंथांचे उपवास एकाच महिन्यात येतात, कोठार भरून राहतं आणि धान्याचा भाव कोसळतो. छळ होणारा पंथ कायम गरीब राहतो, कारण डेव्हलपर स्थलांतराची वाट ठेवायला विसरलेला असतो. आणि एक चूक कळायला साठ वर्षं लागतात : मिश्र लग्नातल्या मुलाला कुठलंच खातं उघडलेलं नसतं. सुरुवातीला दोन-चार मुलं असतात, मग त्यांची मुलं, आणि एक दिवस बंदरातली अर्धी माणसं कुठल्याच देवाला ओळखत नाहीत, कारण न सांगता. दुरुस्ती एका ओळीची आहे. मूल दिवसा ज्याच्या घरी जेवतं, त्या घराच्या आचाराचा निम्मा आकडा त्याच्या खात्यात टाकायचा. वेणाच्या नातवंडांच्या बाबतीत ते घर बहुतेक आजीचंच निघतं.